घरशिक्षण सुरू करताय? आधी माणसं शोधा, मग शाळेचा दाखला काढा

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचं मनात आलं की आईवडील दोन गोष्टी विचारतात. हे कायद्यात बसतं का, आणि आमच्या आसपास आणखी कोणी करतंय का? बहुतेक जण कायद्यामागे महिनेच्या महिने घालवतात आणि माणसं शोधायचं काम नंतरवर ढकलतात. मी याच्या उलट सांगते. कायदा एका संध्याकाळी वाचून होतो. माणसं जोडायला वेळ लागतो, आणि ती नसतील तर उत्साहाने सुरू केलेलं घरशिक्षण पहिल्या पावसाळ्यातच जड होतं. मूल दिवसभर एकटं, आई दमलेली, आणि आजी रोज विचारते, "अगं, शाळेत कधी घालणार?"

आमची मुलगी घरी शिकते आणि आम्ही पुण्यात राहतो, त्यामुळे पुढचं बरंचसं महाराष्ट्राला धरून आहे, त्यातही सहा ते चौदा वयाच्या मुलांना.

कायदा नेमकं काय म्हणतो

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम २१-क आलं आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. त्यासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हाच आपला आरटीई. या कायद्याचं कलम १० सांगतं की आपल्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य आहे. मात्र ते पाळलं नाही म्हणून पालकाला दंड किंवा कैद अशी तरतूद या कायद्यात नाही. "सक्ती" म्हणजे काय हे कलम ८ मध्ये दिलंय, आणि तिथे ही सक्ती सरकारवर टाकली आहे: मोफत शिक्षण पुरवणं, मुलांचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं यांची खात्री करणं.

त्याच घटनादुरुस्तीने आलेलं कलम ५१-क (ट) पालकाचं मूलभूत कर्तव्य सांगतं ते "शिक्षणाच्या संधी" देण्याचं. तिथे शाळेचा उल्लेख नाही. घरशिक्षणाचे बहुतेक समर्थक या कलमावर बोट ठेवतात.

घरशिक्षणाबद्दल आरटीईत एक ओळही नाही. परवानगी नाही, स्पष्ट बंदी नाही, नोंदणीची पद्धत नाही, तपासणी नाही. म्हणून कोणी पैसे घेऊन "होमस्कूल रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट" देत असेल तर त्या कागदाला सरकारदरबारी किंमत नाही हे ओळखा. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात केंद्र सरकारच्या प्रतिज्ञापत्रात घरशिक्षण घेणाऱ्यांच्या आड आरटीई येत नाही असं म्हटलं होतं. पालकांच्या ग्रुपवर ते अजून फिरतं. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे, त्यावर भिस्त ठेवू नका. "शंभर टक्के कायदेशीर आहे, बिनधास्त करा" असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही, आणि "पोलीस घरी येतील" असं घाबरवणाऱ्यांचंही नाही.

मला या कायद्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो परतीच्या वाटेचा. कलम ४ नुसार सहा वर्षांवरचं जे मूल शाळेत गेलेलं नाही किंवा ज्याची शाळा सुटली आहे, त्याला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, आणि बाकीच्या मुलांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. कलम १५ नुसार वर्ष सुरू झालं या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरीही नाही. व्यवहारात खासगी शाळा जागा भरल्याचं कारण देतात, पण जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. मूल खासगी शाळेत आरटीईच्या २५ टक्के राखीव जागेवर असेल तर ती जागा एकदा सोडल्यावर परत मिळेल असं धरून चालू नका. अशा घरांना मी घाई करू नका असंच सांगते.

नोकरीमुळे परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथला नियम वेगळा वाचावा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरशिक्षणाला परवानगी नाही. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवलं की नाव पटावरून कमी होतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा: टेक्सासमध्ये कोणाला कळवावं लागत नाही, न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी लेखी आराखडा द्यावा लागतो.

माणसं कुठे सापडतात

"स्वशिक्षण" ही भारतातल्या घरशिक्षण करणाऱ्या पालकांची संघटना आहे, सुरुवात तिथून करता येते. उदयपूरची "शिक्षांतर" ही संस्था शाळेबाहेर शिकू पाहणाऱ्यांना बरीच वर्षं एकत्र आणते आहे. पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांचे पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, एका ओळखीतून दुसऱ्यात प्रवेश मिळतो.

पण माझ्या अनुभवात पक्की नाती ग्रुपवर जुळत नाहीत. ती जुळतात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराला, जेव्हा बाकीची मुलं शाळेत असतात. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मंगळवारी शाळांच्या रांगा चाललेल्या असतात. त्यात एखादी आई दोन मुलांना घेऊन एकाच प्रयोगापाशी अर्धा तास थांबलेली दिसली तर जाऊन बोला. बालवाचनालय, टेकडीवरचा पक्षीनिरीक्षणाचा गट, बालनाट्याची शिबिरं, दुपारचा पोहण्याचा तलाव या सगळ्या ठिकाणी हेच. बॅडमिंटन, टेनिस किंवा बुद्धिबळासाठी नेहमीची शाळा सोडलेली मुलंही बरीच असतात. त्यांच्या आईवडिलांचं कारण तुमच्यापेक्षा वेगळं असेल, पण कागदपत्रांचा अनुभव तोच, आणि तो सढळ हाताने सांगतात. वाचन-लेखनात अडचण असलेल्या मुलांचे पालकही इथे भेटतात. मुक्त विद्यालयाची (शाळेत न जाता दहावी-बारावी देता येते त्या मंडळाची) सवलत कोणत्या विषयात कशी मिळते याची त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला नसते.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. शहरातले बरेचसे गट इंग्रजीत बोलतात आणि खात्यापित्या घरांचे असतात. बारामती किंवा सांगोल्याहून आलेली आई तिथे पहिल्या भेटीत गप्प बसते आणि दुसऱ्या भेटीला येत नाही. तिला माझं सांगणं असं की मोठ्या गटाची वाट पाहू नका, तीन मराठी घरं पुरतात. आणि मुलाचे मित्र घरशिक्षणातलेच हवेत असंही काही नाही. तुमच्या सोसायटीतली, वस्तीतली मुलं चारला शाळेतून येतात, पाचला मैदानात असतात. ती वेळ मुलासाठी राखून ठेवा, क्लास लावून भरून टाकू नका.

जुळतं का, हे कसं ओळखायचं

घरशिक्षण करणारी सगळी घरं एकसारखी नसतात. कोणी घरात बालभारतीची पुस्तकं घेऊन अगदी वेळापत्रक लावून शिकवतं. कोणी अनस्कूलिंगवाले, म्हणजे मूल ज्यात रमेल तेच शिकणं. कोणी धर्मशिक्षणासाठी, कोणी फिरतीच्या नोकरीमुळे, कोणी शाळेत मुलाला मार बसला किंवा चिडवलं गेलं म्हणून. पद्धत वेगळी असूनही छान जमतं. मुलांशी वागण्याची रीत वेगळी असेल तर जमत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत अभ्यासक्रम विचारू नका. कालचा दिवस कसा गेला ते विचारा. मूल "नको" म्हणालं की तुम्ही काय करता? कंटाळा आला म्हणालं की? मोबाइल किती? दहावी कुठून द्यायची ठरवलंय? आणि ऐकताना लक्ष मुलाकडे ठेवा. आई बोलत असताना मूल मधे येऊन "असं नाही गं, तसं झालं होतं" म्हणू शकत असेल, तर त्या घराशी तुमचं जमेल. पहिल्याच भेटीत महागडा अभ्यासक्रम किंवा वर्कशॉप विकणारा पालक भेटला तर चहा पिऊन निघा.

सुरुवातीचे काही महिने मुलाला कोणाच्याही घरी एकटं सोडू नका, माणसं कितीही भली वाटोत. आमच्या गटात नियम आहे की मुलांबरोबर कायम दोन घरांतले मोठे हवेत, आणि तो मुलांनाही माहीत आहे.

आमचा गट पुण्यातल्या तळजाई टेकडीवर जमतो. पहिला तास मोठ्यांनी मुलांच्या खेळात तोंड घालायचं नाही. लगोरीचे दगड रचले जातात, सहा वर्षांची आणि तेरा वर्षांची एकाच डावात असतात, त्यामुळे नियम दर वेळी नव्याने ठरतात: लहानांना तीन फेक, मोठ्यांना एक, आणि फुटलेली लगोरी मोठ्यांनी डाव्या हाताने लावायची. यावर भांडण होतं, ते मिटायला वेळ लागतो, आम्ही मधे पडत नाही. तोवर बाजूला बसून एखादी आई दुसरीला मुक्त विद्यालयाचा फॉर्म समजावत असते. मग डबे उघडतात. पुढच्या भेटीत कोणी काय दाखवायचं हे मुलंच ठरवतात, एकाने गेल्या वेळी सायकलची चेन काढून परत बसवून दाखवली होती.

गट वाढायला लागला की मात्र एका कलमाकडे लक्ष द्या. आरटीईच्या कलम १८ नुसार मान्यता न घेता शाळा चालवता येत नाही. दंड एक लाख रुपयांपर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत. पाच-सहा घरं आठवड्यातून एकदा बागेत भेटतात, खर्च वाटून घेतात, हे वेगळं. जागा भाड्याने घेतली, शिक्षक नेमले, महिन्याची फी ठरवली, रोज नऊ ते एक मुलं बसवली, तर ते शाळेसारखंच दिसतं, तुम्ही नाव काहीही द्या. तसं करायचंच असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

शाळा सोडताना

दोन-तीन घरं ओळखीची झाली, मुलाला त्यांच्यात रमताना पाहिलं, की मग शाळेकडे वळा. घरातल्या दोघांचंही मत एक हवं. आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांची लेखी संमती घेऊनच पुढे जा, नाहीतर उद्या ताब्याच्या वादात हाच मुद्दा उभा राहतो.

सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे मुलाला पाठवणं नुसतं बंद करणं. सतत महिनाभरापेक्षा जास्त गैरहजर असलेलं मूल आपल्याकडे "शाळाबाह्य" धरलं जातं आणि शोधमोहिमेच्या यादीत जातं. त्यापेक्षा वर्ष पूर्ण होऊ द्या, निकाल घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये लेखी अर्ज देऊन शाळा सोडल्याचा दाखला मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

दाखला हातात आला की ऑफिसच्या खिडकीसमोरच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मठिकाण, जात. जन्मदाखला आणि आधारशी सगळं जुळायला हवं. शाळा सोडल्यावर यात दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं आहे, आणि पुढे जातीचा दाखला व जात पडताळणीसाठी हाच कागद पहिल्यांदा मागतात. कारणाच्या रकान्यात "पालकांच्या विनंतीवरून" एवढं पुरे. यू-डायस प्लस या सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत मुलाचा जो कायमस्वरूपी क्रमांक आहे तो लिहून घ्या, आणि मुलाचं नाव त्यातल्या "ड्रॉपबॉक्स"मध्ये टाकलं का ते विचारा, म्हणजे नव्या शाळेला ते तिथून उचलता येतं. मूळ दाखला लॅमिनेट करू नका, झेरॉक्स भरपूर काढून ठेवा.

जे मूल कधीच शाळेत गेलं नाही त्याच्याकडे हा दाखला नसणार. त्याच्यासाठी जन्मदाखला आणि वडिलांची, आजोबांची कागदपत्रं जपून ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना जन्मदाखला हाच वयाचा मुख्य पुरावा आहे.

दारावर सर्वेक्षणाच्या बाई आल्या तर

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण महाराष्ट्रात वेळोवेळी होतं. ४ जुलै २०१५ ला ते एकाच दिवसात राज्यभर झालं होतं, जुलै २०२२ मध्ये "मिशन झिरो ड्रॉपआऊट" होतं. राज्यात बालरक्षक शिक्षकही आहेत, ते सुटलेल्या मुलांना शाळेत परत आणतात. वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी ही माणसं उन्हातान्हात फिरतात. त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच दार उघडा.

बाई विचारतील, "ताई, मुलगी कोणत्या शाळेत?" खोटं नाव सांगू नका. आत बोलवा, पाणी द्या, शांतपणे सांगा की ती घरी शिकते, आणि फाइल पुढे ठेवा. या फाइलमध्ये दाखला, निकाल, आधार, लसीकरणाचं कार्ड, आणि दर महिन्याचं एक पान असावं: काय वाचलं, कोणती गणितं झाली, कुठे गेलो, सोबत तारखेचे दोन-चार फोटो आणि मुलीच्या हातचं लिखाण. मुलीलाही बोलू द्या. तिने स्वतः वाचत असलेलं पुस्तक आणून दाखवलं की निम्मं काम होतं. बाई तरीही नाव नोंदवतील, त्यांना ते करावंच लागतं. नंतर केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी भेटायला बोलावतील तर जा, जे सांगाल ते लेखी द्या, पोच घ्या. आपण लपत नाही आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं की बोलणं बदलतं.

पुढच्या परीक्षा

मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की हा विषय घरात काढा. तीन मुख्य रस्ते आहेत.

घरशिक्षणातली बहुतेक मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून दहावी देतात. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून आहे, मुख्यालय नोएडाला, प्रादेशिक केंद्र पुण्यातही आहे. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, हीच घरशिक्षणाला सोयीची गोष्ट. किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. मराठी माध्यमातूनही देता येते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो आणि त्यात नऊ संधी मिळतात, त्यामुळे एका वेळी दोनच विषय देता येतात. ज्या मुलाला परीक्षेची धास्ती आहे त्याच्यासाठी हे मोठं सुख आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे अ, ब, क स्तरही आहेत, हवे तर घ्या, दहावीसाठी ते लागत नाहीत. प्रवेश संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः घ्या. "पास गॅरंटी" सांगणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या हातात मूळ कागद देऊ नका.

दुसरा रस्ता राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून नेहमीचीच दहावी, नेहमीचंच प्रमाणपत्र. यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण असल्याचा शाळेचा दाखला लागतो. म्हणून मूल चौथीत असेल आणि फार त्रास नसेल तर पाचवीचा निकाल हातात घेऊनच बाहेर पडा, हा रस्ता मोकळा राहतो. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही २०१७ मध्ये स्थापन झालं, त्याच्या वयाच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेत बघाव्या.

तिसरा केंब्रिजचा आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा. खासगी परीक्षार्थी घेणारं केंद्र आधी शोधावं लागतं आणि एकेका विषयाची फी भारी पडते. परदेशी शिकायचं नक्की नसेल तर मी याच्या नादी लागणार नाही.

मुक्त विद्यालयातून बारावी केली तर डॉक्टर होता येत नाही ही जुनी भीती आहे. मुक्त विद्यालयाच्या मुलांना अपात्र ठरवणारी वैद्यकीय परिषदेची अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली, आणि ही मुलं आता वैद्यकीय प्रवेशाची "नीट" परीक्षा देतात. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशांना मात्र दहावी-बारावी राज्यातून झाली का आणि अधिवास कुठला हे बघितलं जातं. त्यामुळे अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा आणि अधिवासाचा दाखला वेळेत काढून ठेवा. अकरावीला कॉलेजात जायचं असेल तर ऑक्टोबरची परीक्षा सोयीची पडत नाही. एप्रिल-मेला सगळे विषय संपतील असं बघा, आणि निकाल लागताच गुणपत्रिकेसोबत मायग्रेशन सर्टिफिकेटही मागून घ्या, कारण दुसऱ्या मंडळातून येणाऱ्याकडे कॉलेज ते हमखास मागतं.